मंगळवारची दातदुखी

"वरचा का खालचा?" गुलाबनं विचारलं.

"वरचा," मी म्हणालो आणि गालावर हात ठेवला.

गुलाब म्हणजे आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला शिपाई. त्यानं मला नीट न्याहाळलं, बाकड्याकडं बोट केलं आणि हळूच म्हणाला, "हात दुसऱ्या गालावर घ्या. ह्या गालात पान कोंबलंय तुमी."

मी हात बदलला आणि जाऊन बसलो. बाकड्यावर आधीच सातआठ जण गाल धरून बसले होते. एवढे दात एकदम दुखायला लागले तर गावात साथ आली म्हणायची. पण ती साथ फक्त मंगळवारी यायची.

त्याचं असं होतं. व्हरांड्याच्या टोकाला दातांची खोली होती. दर मंगळवारी जिल्ह्याहून केळुसकर नावाचे डोक्याचे डॉक्टर यायचे. मन बिघडलेल्यांना आणि दारू सोडू बघणाऱ्यांना तेच तपासायचे. हाडांना खोली होती, डोळ्यांना होती, कुत्रं चावलेल्यांनाही होती. डोक्याला नव्हती. म्हणून दातांच्या खोलीतच एक हिरवा पडदा लावून पलीकडं केळुसकरांचं टेबल टाकलं होतं. 'मानसोपचार व व्यसनमुक्ती' असा पत्र्याचा फलकही वरून आला होता. पण तो लावला तर बाकीचे पेशंट बिचकतील असं मोठ्या साहेबांना वाटलं, आणि पत्रा चांगला जाड होता, म्हणून तो पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवला होता.

मग लोकांनीच वाट काढली. पडद्यापलीकडं जायचं असेल त्यानं 'वरचा दात' म्हणायचं. ज्याचा खरंच दात दुखतोय त्यानं तो कुठलाही असो, 'खालचा' म्हणायचं. एका मास्तरांना हे माहीत नव्हतं. त्यांचा खरोखरच वरचा दात दुखत होता. गुलाब सांगायचा, केळुसकरांनी त्यांना बराच वेळ मोकळेपणानं बोलायला लावलं आणि मास्तर डोळे पुसत बाहेर आले. दात तसाच राहिला, पण बायकोशी बोलणं सुरू झालं म्हणे.

मी त्या बाकड्यावर कसा आलो तेही सांगतो. मी बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचो. आमच्या धंद्यात वराती नुसत्या पाण्यावर चालत नाहीत. आधी थकवा जावा म्हणून घ्यायचो, मग घेतली नाही म्हणून थकवा यायला लागला. एकदा वरातीच्या पुढं वाजवत चाललो होतो. रस्ता दाखवायचं काम तसं बँडचं नाही, पण बँड वळला की वरात वळते. मी सवयीनं वळलो. नवरदेव, घोडा, करवल्या, दिवे धरणाऱ्या बाया, सगळी वरात मी माझ्याच घराच्या दारात आणून उभी केली.

दार माझ्या बायकोनं, कांतानं उघडलं. तिनं घोड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आत गेली आणि ताट घेऊन आली. नवरदेवाला रीतसर ओवाळलं. मग मला म्हणाली, "मंगळवारी दवाखान्यात जायचं. न्हाईतर ह्या दारातनं पुढची वरात निघंल ती माझ्या माहेरी जाईल, आणि तिच्यात मी एकटीच असंन."

तिची एकच अट होती. तिच्या आईला कळता कामा नये. आईला वाटत होतं, जावई सुपारीसुद्धा खात नाही.

आणि आता मी बाकड्यावर गाल धरून बसलोय, तर व्हरांड्यातून कोण यावं? हौसाबाई. माझ्या सासूबाई. त्यांचाही हात गालावर.

सासूला आम्ही मामी म्हणतो. मामी शेजारच्या खेड्यात एकट्या राहायच्या. त्यांच्या दातांची पंचक्रोशीत कीर्ती होती. अख्खा ऊस त्या दातानं सोलायच्या. टणक सुपारी अडकित्त्याशिवाय फोडायच्या. आमच्या लग्नात शेल्याची गाठ कुणालाच सुटेना, तेव्हा मामी पुढं झाल्या आणि दातानं ती सोडवली. अशा बाईचा दात दुखणं म्हणजे बैलानं शिंग जड झालं म्हणून सांगण्यासारखं होतं.

"जावईबापू! तुमी हितं?"

"दात, मामी."

"आरं देवा. वरचा का खालचा?"

खोटं बोलायला हरकत नव्हती, पण गुलाब समोरच उभा होता. "वरचा," मी म्हणालो.

मामी माझ्या शेजारी टेकल्या. थोडा वेळ पाण्याच्या पिंपाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माजा बी वरचाच."

दोघांनाही सगळं कळलं, आणि आपल्याला काहीच कळलं नाही असं दोघांनीही ठरवलं. मामींनी कमरेचा बटवा काढला, त्यातून एक लवंग काढून माझ्या हातावर ठेवली. "दाढंत धरा. बरं वाटंल."

त्यानंतर दर मंगळवारी मला लवंग मिळत गेली. माझी दारू सुटली त्यात केळुसकरांच्या गोळ्यांचा वाटा किती आणि मामींच्या लवंगांचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

पडदा कापडाचाच होता. एकदा मी अलीकडं थांबलो असताना मामींचा आवाज कानावर आला. "मालक गेल्यापास्नं हातरुणातनं उठूसंच वाटत न्हवतं, डाक्टर. शेजारीण म्हनायची भूत लागलंय. आता उठती. परवा भाकरी थापताना गुणगुणले मी. मलाच नवल वाटलं." मी समोरच्या भिंतीवरचं किडलेल्या दाढेचं चित्र बघत उभा राहिलो. मला फार बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली की कांताला, मला, कुणालाच हे माहीत नव्हतं. सासरा वारल्यावर आम्ही आठवडाभर राहून आलो होतो आणि मामी धीराच्या आहेत म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

मग तो मंगळवार आला.

मामी उशिरा आल्या. हाताचा पंजा सगळ्या जबड्यावर दाबलेला, डोळे मिटलेले, तोंडानं बारीक कण्हणं. बाकड्यावरचे सगळे बघायला लागले. आम्ही आपले हौशी नट, आणि ह्या एकदम नाटक कंपनीतून आल्यासारख्या. मी कानाशी जाऊन म्हणालो, "मामी, आज जरा जास्तच होतंय. गुलाबला बी खरं वाटायचं."

त्या हसल्या नाहीत.

"खालचा," त्या म्हणाल्या.

"आँ?"

"खालचा दुकतोय, जावईबापू. समदा जबडा. ह्यो हात बी."

गुलाबनं ऐकलं. "मावशी, खालचा असंल तर तिकडच्या रांगंत बसा. आज चुकलं का काय?"

डोक्यावर पंखा गरगरत होता आणि मामींच्या कपाळावरचा घाम ओघळून नाकापर्यंत आला होता. त्या थट्टेला थट्टेनं उत्तर न देणाऱ्या बाई नव्हत्या. मी घाबरलो. त्यांना दंडाला धरून उठवलं आणि खालच्या मजल्यावर, अपघात विभागात घेऊन गेलो.

तिथं एक तरुण डॉक्टर होता. चांगला होता. उठून उभा राहिला, मामींना स्वतः हात देऊन खाटेवर बसवलं. नळी कानात घातली. "काय होतंय आजी?"

"छातीत आवळतंय. जबडा दुकतोय."

"कुठल्या गोळ्या चालू आहेत का?"

मामी डॉक्टरांशी कधी खोटं बोलत नसत. गालावर हात होता तो बाकड्यापुरता. त्यांनी बटवा उघडून खाटेवर पालथा केला. लवंगा पडल्या, सुपारीचं खांड पडलं, आणि गोळ्यांची दोन पाकिटं पडली. डॉक्टरनं एक पाकीट उचलून नाव वाचलं.

मग त्यानं कानातली नळी काढली आणि गळ्यात अडकवली. मामींच्या छातीला ती अजून लागलीसुद्धा नव्हती.

"मंगळवारच्या का तुम्ही?" त्यानं विचारलं. आवाज आणखीच मऊ झाला होता. "आजी, घाबरू नका. हे छातीचं नाही, मनाचं आहे. तुमच्या आजारात असं वाटतं. खरं दुखत नसतं."

"दुकतंय की वो."

"तसं वाटतं. दीर्घ श्वास घ्या बरं. वरती तुमचे डॉक्टर येतीलच, त्यांना सांगा. गोळी वाढवून देतील."

"डॉक्टर, घाम तरी बघा त्यांचा," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"जावई."

त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं आणि ओळख पटल्यासारखं हसला. "तुम्हीपण तिथंच बसता ना, वरती? बँडवाले? सोडलीत ना? छान. चालू ठेवा. सुरुवातीला होतं असं, माणूस जरा हळवा होतो."

एवढं बोलून त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी मामींना प्यायला दिलं. तो उर्मट असता तर मी भांडलो असतो. पण कुणी एवढ्या मायेनं आपल्याला खोटं ठरवलं की भांडायला जागाच राहत नाही. आणि भांडलो असतो तर काय म्हणाला असता? प्यायलेला दिसतोय, म्हणाला असता.

बाहेर आलो. मामी पायरीवर बसल्या. चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, ही बाई माझ्या डोळ्यांदेखत जाणार, आणि कुणी विचारलं तर दवाखाना सांगणार, तिला तसं वाटत होतं.

मामींनी लवंगा, गोळ्या सगळं बटव्यात कोंबलं, दोरी ओढली आणि बटवा माझ्या हातात दिला.

"ह्यो खिशात घाला. खोल."

"कशाला, मामी?"

"समोर रस्त्यापल्याड खाजगी दवाखाना हाय. तितं जायचं. ध्येनात ठेवा. तितं मला गोळी न्हाई, मंगळवार न्हाई, दात न्हाई. उसात भांगलताना कळ आली. बास."

"आणि मी?"

मामींनी दम घेतला. "तुमी कवा घेतलीच न्हाई. मी तर कवाच बगितलं न्हाई."

त्या पायरीवर, तशा अवस्थेतही, त्यांच्या डोळ्यांत काहीतरी मिस्कील चमकून गेलं. आमच्या दोघांत ती गोष्ट पहिल्यांदा बोलली गेली ती अशी.

रिक्षानं रस्ता ओलांडला. खाजगी दवाखान्यात एक पोक्त डॉक्टरीणबाई होत्या. मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं: सासूबाई, शेतात तण काढत होत्या, भांगलताना छातीत कळ आली, कधी साधी डोकेदुखी नाही. वाजवताना माझा सूर एवढा नीट कधी लागला नव्हता. बाईंनी एक शब्द वाढवून विचारला नाही. मामींना आडवं केलं, छातीला वायरी लावल्या, आणि मशीनमधून पट्टी बाहेर यायला लागली. रस्त्याच्या ह्या बाजूला मामी एक साधी म्हातारी होती, आणि साध्या म्हातारीची छाती दुखली की लोक धावतात.

बाईंनी पट्टी हातात धरून बघितली. "हार्ट अटॅक आहे," त्या म्हणाल्या. "बरं केलंत, लगेच आणलंत."

'लगेच' हा शब्द मी गिळला.

नर्सची धावपळ सुरू झाली. सलाइन आलं, प्राणवायू आला. बाई इंजेक्शन भरता भरता माझ्याकडं वळल्या. "दुसरी कुठली औषधं चालू आहेत? नीट आठवून सांगा. त्यावर पुढचं ठरवायचंय."

बटवा माझ्या खिशात होता. मांडीला लागत होता. सांगितलं तर इथंही वायरी काढून गळ्यात अडकवतील, आणि नाही सांगितलं तर त्या इंजेक्शनचं नि ह्या गोळ्यांचं आत काय भांडण होईल कोण जाणे.  दोन्हीकडून मामी जाणार असं मला दिसायला लागलं.

खाटेवरून मामींचा आवाज आला. "द्या आता बटवा."

"मामी—"

"द्या वो. आता मशीन बोललंय. मशीनला कोन येडं म्हणत न्हाई."

मी बटवा काढून दिला. बाईंनी पाकिटं उलटीपालटी करून वाचली. कपाळाला आठी घातली. "आजी, हे आधी का नाही सांगितलं? केवढी महत्त्वाची गोष्ट आहे ही."

"आदी सांगितलं व्हतं," मामी म्हणाल्या. "रस्त्यापल्याड."

बाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. समोर सरकारी दवाखान्याची पिवळी भिंत होती. मग त्यांनी भरलेलं इंजेक्शन बाजूला ठेवलं, दुसरं मागवलं आणि कामाला लागल्या. मी बाहेर बाकावर जाऊन बसलो आणि मला रडू फुटलं. एक बाई म्हणाली, "दादा, पाणी प्या." मी तिला म्हणालो, "मला काय होत नाही, खरंच रडतोय." तिला काय कळलं असेल देव जाणे.

मामी वाचल्या. पुढचे उपचार शहरात झाले. तिथं कांता धावत आली, आईच्या उशाशी बसून पोटभर रडली, आणि रडून झाल्यावर तिला प्रश्न पडला.

"पर मंगळवारी तुमी दोघं एकदम दवाखान्यात कसं काय?"

"दात," मामी म्हणाल्या.

"दात," मीही म्हणालो.

कांतानं आईच्या तोंडाकडं बघितलं. "तुजा दात? अगं, तुज्या दातानं माज्या लग्नाची गाठ सुटली." मग माझ्याकडं, मग पुन्हा आईकडं. कांताला सांगावं लागत नाही. तिनं आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "कवापास्नं?"

"तुजं बाबा गेल्यापास्नं."

"आनि मला सांगितलं न्हाईस?"

"तू तरी मला जावायाचं कुटं सांगितलंस?"

 नर्स आली ती आम्हाला गप्प करायला, आम्ही तिघं हसत होतो म्हणून.

ह्याला पुष्कळ वर्षं झाली. मामी त्यानंतर बऱ्याच जगल्या आणि गेल्या त्या सगळ्या दातांसह गेल्या. पण मला त्यांची आठवण येते ती त्या दुखण्याची नाही. त्या बऱ्या होऊन पहिल्यांदा बाकड्यावर आल्या त्या मंगळवारची येते.

त्या दिवशी मी गाल धरून बसलो होतो आणि अगदी मनापासून धरला होता. कारण शेजारी नानासाहेब थोरवे बसले होते. गावातले बडे अडत व्यापारी. त्यांनी मुलाच्या लग्नाची सुपारी मला दिली होती, अटीवर: वाजवणारा माणूस पिणारा नको, प्यायलेला नको, कधी काळी पीत होता असाही नको. आता ते स्वतः गाल धरून 'वरच्या' रांगेत का होते, हे मी विचारू शकत नव्हतो. मी का होतो, हे ते विचारू शकत नव्हते. आम्ही दोघं गाल धरून हवामानावर चर्चा करत होतो.

मामी आल्या. बारीक झाल्या होत्या. दोन्ही हातांत उसाची हातभर कांडी होती. गालावर काही नव्हतं.

"मावशी!" गुलाबला आनंद झाला. मग कामाची आठवण झाली. "वरचा का खालचा?"

"दोन्ही ब्येस हायत," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळात रानात हाका मारायचा. "डोक्याच्या डाक्टरांकडं आलेय. नंबर लाव."

बाकड्यावरच्या सगळ्या माना वळल्या. दातांच्या खोलीतली करकर सुद्धा थांबल्यासारखी वाटली. मामी माझ्या शेजारी टेकल्या, ऊस दाताखाली धरला आणि कडाड्कन साल ओढली. तो आवाज व्हरांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. ऊस मोडून त्यांनी एक तुकडा माझ्यापुढं धरला.

"घ्या, जावईबापू."

एका बाजूला नानासाहेब, त्यांची सुपारी, त्यांची अट. दुसऱ्या बाजूला मामींचा हात. तो हात मी खाटेवर सलाइनसकट बघितला होता. मी गालावरचा हात काढला, तुकडा घेतला आणि दाताखाली फोडला. रस हनुवटीवरून गळला. नानासाहेब बघत होते. मी म्हणालो, "माझी दारू सुटली हितं, नानासाहेब. लग्नाचं काय ते तुमी ठरवा."

 नानासाहेब माझ्या हातातल्या उसाकडं बघत राहिले.

मामींनी आणखी एक तुकडा मोडला आणि माझ्यापुढून हात लांब करून त्यांच्यापुढं धरला. "घ्या की, नाना. रसाळ हाय."

नानासाहेबांनी व्हरांड्यात इकडं बघितलं, तिकडं बघितलं. उजवा हात गालावरच ठेवला, डाव्या हातानं तुकडा घेतला आणि कोटाच्या खिशात सरकवला.

"घरी जाऊन खातो," ते म्हणाले.

मामींनी तोंडातला चोथा हातात काढला आणि त्यांच्याकडं फार मायेनं बघितलं.

"व्हय?" त्या म्हणाल्या. "घरी दुकत न्हाई वाटतं?"